दोन उजवे हात

आपल्या मंडळाच्या मागच्या अंकात, अगदी शेवटच्या पानावर, सुलभाताई पोतदारांबद्दल चार ओळी आल्या होत्या. त्यातली एक ओळ अशी होती: 'उतारवयात नजर अधू झाल्याने त्यांना आपले आवडते काम थांबवावे लागले.' ज्यांनी लिहिलं त्यांचा काही दोष नाही. इथे न्यू जर्सीत, आमच्या एडिसन गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. पण ते खरं नाही. सुलभाताईंची नजर शेवटपर्यंत माझ्यापेक्षा चांगली होती. ती अधू झाल्याची बातमी माझ्या दुकानातून निघाली होती, आणि मी ती कधी परत घेतली नाही. आज घेतो आहे. पुढे एका कुटुंबाची नावं बदलली आहेत. सुलभाताईंचं आणि माझं नाव खरं आहे.

ओक ट्री रोडवर माझं दागिन्यांचं लहान दुकान होतं. दोन्ही बाजूंना झगमगीत शोरूम आणि मध्ये मी. मी मूळचा केमिकल इंजिनियर. कंपनीनं ले-ऑफ केलं, तेव्हा सासरच्या सराफीच्या ओळखीवर हे दुकान टाकलं. मला सोन्याचा कस कळायचा, भाव कळायचा. हातातलं काम मात्र येत नव्हतं. माल तयार आणायचा आणि विकायचा, एवढंच.

एका थंडीत एक उंच, सावळ्या बाई दारातून आत आल्या. पायात स्नो बूट, अंगात पुरुषी जाड जॅकेट, कपाळावर ठळक कुंकू. त्यांनी काउंटरमधली एक अंगठी मागितली. मी पुढे केली. त्यांनी ती बोटात न घालता आधी उलटी केली.

"ह्याची पाठ का बंद केलीय?"

"तशीच येते फॅक्टरीतून."

"दगड लाजतोय होय?" असं म्हणून त्यांनी अंगठी परत दिली आणि माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीकडे पाहिलं. "मागं जागा आहे का? मी बसतो."

कोल्हापूरकडच्या काही बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' असंच बोलायच्या. पहिले काही दिवस मला ते विचित्र वाटलं. नंतर दुसऱ्या बायकांचं बोलणं मिळमिळीत वाटायला लागलं.

माहेर आणि सासर दोन्हीकडे सोनारकी. पण वडिलांनी मुलींना कामाला कधी बसू दिलं नाही. त्या काम शिकल्या ते इथे, न्यू जर्सीतल्या कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात, चांदीची कानातली करायला आलेल्या अमेरिकन बायकांच्या मध्ये बसून. "बाबा गेल्यावर त्यांचा चिमटा मागून घेतला भावाकडनं," त्या सांगायच्या. "तो म्हणाला, काय करणारेस? म्हटलं, भुवया कोरणाराय." यजमान लवकर गेले. मुलगा मिनेसोटात. त्यामुळे चिमटा, ऐरण आणि गॅसची छोटी बत्ती घेऊन त्या माझ्या मागच्या खोलीत येऊन बसल्या, आणि माझं दुकान खरं म्हणजे तिथून सुरू झालं.

रोमन दगड आमच्याकडे आणले ते लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या एका अमेरिकन गृहस्थांनी. आम्ही त्यांना प्रोफेसर म्हणायचो. त्यांनी जन्मभर जुन्या संग्रहांच्या लिलावांतून कागदपत्रांसकट हे खडे गोळा केले होते. बहुतेक खडे हरभऱ्याच्या डाळीहून थोडे मोठे. लाल अकीक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, कुठे हिरवट काहीतरी. प्रत्येकावर काहीतरी आत खोल कोरलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी माणसं असे खडे अंगठीत घालून फिरत आणि मेणावर दाबून आपली मोहोर उमटवत. म्हणून दगडावर चित्र उलटं असतं, मेणावर सुलटं होतं. प्रोफेसरांना हे खडे पेटीतून काढून बायकोच्या अंगावर घालायचे होते. दुसऱ्या दुकानांनी त्यांना सांगितलं होतं की तयार अंगठीच्या मापाला खडे घासून देऊ.

सुलभाताईंनी पहिला खडा हातात घेतला आणि पर्समधून एक स्टीलची डबी काढली. डबीत कणकेचा गोळा होता, चांगलं मीठ घालून घट्ट मळलेला. त्यांनी त्यावर खडा दाबला आणि अलगद उचलला. कणकेत एक मुंगी उठली, तोंडात दाणा धरलेली.

"अगं बाई! निघालीय बघा दाणा घेऊन. दोन हजार वर्षं झाली, अजून पोचली नाही." मग माझ्याकडे वळून, "आपल्या पोरांच्या ग्रीन कार्डासारखं."

मी प्रोफेसरांना भाषांतर करून सांगितलं. ग्रीन कार्डाचा भाग त्यांना समजवायला वेळ लागला, पण मग ते इतके हसले की खुर्चीत बसले. त्या दिवसापासून त्यांचे सगळे खडे सुलभाताईंकडे.

त्यांची पद्धत एकच होती. दगडाला हात लावायचा नाही. जुना खडा कधी नीट गोल नसतो, एका बाजूला जाड, दुसरीकडे तिरका. बावीस कॅरेटची पातळ पट्टी त्या खड्याभोवती गुंडाळायच्या, सोडायच्या, कापायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. "बाळाचं झबलं शिवायचं तर बाळाला कापतात का?" असं विचारायच्या. पट्टीचं कोंदण झालं की त्यात खडा ठेवून सोन्याची कड बोथट पोलादी सळईनं थोडी थोडी आत वळवत आणायच्या. हे करताना तोंडानं सोन्याला कोल्हापुरी शिव्या चालू असत. बारीक आवाजात, अगदी मायेनं. काउंटरवर गिऱ्हाईक असलं की मी रेडिओ मोठा करायचो.

पाठ नेहमी उघडी ठेवायच्या. दगड अंगाला लागला पाहिजे, आणि उद्या कुणाला तो काढून बघायचा झाला तर बघता आला पाहिजे. आणि दागिना घातला गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अंगठी नेऊन लॉकरमध्ये ठेवलीय असं कळलं, तर त्या गिऱ्हाइकाला दुकानात सगळ्यांसमोर विचारत, "काय हो, जेलमध्ये भेटायला जाता की नाही तिला?"

स्वभाव सोपा नव्हता. मशीनवर केलेल्या दागिन्यांना त्या 'बिस्किटं' म्हणत, आणि माझं अर्धं दुकान बिस्किटांनीच भरलेलं होतं. जीपीएसमधल्या आवाजाशी त्यांचं कायमचं भांडण होतं. 'ती बाई' डावीकडे म्हणाली की मुद्दाम सरळ जात, आणि उशिरा पोचल्यावर खापर तिच्यावर फोडत. चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला ओळखत आणि बेसिनमध्ये ओतत.

पण एक गोष्ट मला आज सगळ्यांत जास्त आठवते. एकदा त्यांनी डॉल्फिन कोरलेला एक निळा खडा अस्सल दगड म्हणून लॉकेटमध्ये बसवला. काही महिन्यांनी दुसरा तसलाच खडा हाताळताना त्यांच्या लक्षात आलं की पहिली काच होती. रोमन लोक गरिबांसाठी काचेचेही असे खडे करत, म्हणजे जुनी होतीच, पण काच. गिऱ्हाइकाला कधीच कळलं नसतं. मी तसं म्हटलं. त्यांनी जॅकेट घातलं, 'त्या बाई'शी भांडत गाडी चालवत त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेल्या, दारातच म्हणाल्या, "माझी चूक झाली. ही काच आहे," आणि परत आल्या.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हणाल्या, मला आवडते, मी घालणार. चहा दिला. चांगला होता, गॅसवरचा."

एवढंच. जणू दूध आणायला जाऊन आल्या.

आता ऋचा. ऋचाला तिच्या आईच्या, माधवीच्या, कडेवर असल्यापासून आम्ही पाहिलेलं. तिला प्राचीन इतिहासात रस, त्यामुळे प्रोफेसरांशी तिची गट्टी. वारण्यापूर्वी त्यांनी तिला एक लाल खडा दिला. त्यावर दोन हात कोरलेले होते, एकमेकांना धरलेले. रोमन लोक लग्न ठरल्यावर अशी अंगठी देत. सुलभाताईंनी तो कणकेत दाबला आणि डबी दिव्याखाली धरून इकडून तिकडून फिरवली.

"बघ गं," शेवटी ऋचाला म्हणाल्या, "दगडात डावे दिसतात, कणकेत बघ. दोन्ही उजवे. ह्यांच्यातही पाणिग्रहण होतं म्हणायचं."

ऋचा म्हणाली, "मावशी, माझ्या साखरपुड्याची रिंग हीच. दुसरी कुठलीच नको."

खड्याच्या कडेचा एक टवका उडालेला होता, एका मनगटाच्या अगदी जवळ. ऋचानं बजावून सांगितलं, त्याला हात लावायचा नाही, तो टवकाही दोन हजार वर्षांचा आहे. सुलभाताई म्हणाल्या, "तेवढी कड मी सोन्यानं झाकतो. कुणाला दिसणार नाही, आणि जायचाही नाही कुठं." त्यांनी कोंदण तयार केलं. मग मध्येच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. ते उत्तम झालं. त्या कामावर परत आल्या, आणि खडा बसवायच्या आदल्या दिवशी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेल्या.

त्या दुपारी माधवी एकटी आली. "काका, एक काम होतं. ऋचाला सांगू नका. तिच्या सासूबाई पत्रिका, मुहूर्त सगळं बघणाऱ्या आहेत. खंडित दगड मुलीच्या बोटात म्हणजे... तुम्ही समजू शकता. मावशींना सांगून तेवढं घासून गोल करून घ्या ना."

सुलभाताई हे कधी करणार नाहीत हे मला ठाऊक होतं. माधवीला नाही म्हणणं मला सोपं होतं. पण माझंही मन त्याच मातीचं. आमच्या घरात मूर्तीचा कान दुखावला तर मूर्तीचं विसर्जन करत. वरून मी इंजिनियर. वाटलं, कड तर आहे, किंचित फिरवायची, उद्या बसवल्यावर त्यांना पत्ताही लागणार नाही. माधवी गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो, सोन्याच्या कडा घासायचं विजेचं चाक सुरू केलं आणि खडा लावला.

त्या टवक्यापासून आत एक जुनी, दिसत नाही अशी चीर होती. चाकाला लागताच ती पुढे पळाली. बारीक आवाज झाला, नखं कापताना होतो तेवढा. एक हात मनगटापासून बोटांपर्यंत गेला. खाली पडलेला तुकडा शोधत मी फरशीवर गुडघ्यांवर बसलो. सापडला तो लाल चुरा.

संध्याकाळी ऋचा आणि माधवी दोघी आल्या. मी खडा कापसावर ठेवून समोर केला.

"बसवताना उडाला," मी म्हणालो.

ऋचानं तो हातात घेतला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "हाऊ?"

माधवी घाईनं म्हणाली, "कुणाच्या हातून, काका?"

मी मागच्या खोलीकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बस. जे केलं ते एवढंच, आणि त्याहून जास्त काही करायची गरजच पडली नाही. माधवी हळूच म्हणाली, "अगं, ऑपरेशन झालंय ना त्यांचं." तिला वाटलं, तिच्या सांगण्यावरून मावशींनी घासला आणि नजरेनं दगा दिला. मुलीसमोर तिला ते बोलता येईना. मला हे समजत होतं, आणि मी ते तसंच समजू दिलं. ऋचा तुटका खडा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाताई आल्या. मी म्हटलं, "तो खडा त्यांनी परत नेला. काहीतरी अडचण झाली." त्या मागे गेल्या. नळाचा आवाज आला, बराच वेळ. मग हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"चाक धुऊन ठेवलंय, साठे. लाल गाळ होता. वापरलं की धुवायचं असतं."

मी म्हणालो, "हो."

त्यांनी हातातलं फडकं खुंटीला लावलं. मग आपल्या जागी जाऊन बसल्या.

आपल्या माणसांत बातमी कशी जाते हे मी सांगायला नको. पार्किंग लॉटमध्ये, पॉटलकच्या जेवणांत, व्हॉट्सअ‍ॅपवर. 'मावशींना हल्ली दिसत नाही.' कुणी वाईट हेतूनं बोललं नाही. उलट काळजीनं बोलले. पण घरातला जुना खडा काळजीच्या माणसाकडे कुणी देत नाही. मागच्या खोलीतलं काम आटत गेलं. रोज सकाळी त्या आत येताना एकदा माझ्याकडे बघायच्या, काही विचारलंय आणि उत्तराची वाट आहे, अशा. मी सोन्याचा भाव सांगायचो. थंडी सुरू व्हायच्या आत त्यांनी चिमटा, ऐरण, बत्ती एका खोक्यात भरली. मुलगा न्यायला आला होता. "येतो, साठे," म्हणाल्या. पुढे महामारी आली, मी दुकान बंद केलं, आणि लोकांना वाटलं की सगळ्यांचंच सगळं आपोआप संपलं.

गेल्या वर्षी मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. माझी बायको गेल्यानंतरचा काळ होता. मला वाटलं, आता बोलता येईल. दार नातीनं उघडलं आणि आत ओरडली, "आजी, समवन फ्रॉम जर्सी!" सुलभाताई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. वाळल्या होत्या, पण ताठ. मला पाहून म्हणाल्या, "या. 'त्या बाई'नं बरोबर आणलं म्हणायचं."

ओट्याच्या वरच्या खिडकीत श्रीखंडाचे रिकामे डबे रांगेनं लावले होते. त्यांत वाळलेले कणकेचे ठसे, इतक्या वर्षांतल्या प्रत्येक खड्याचा. मुंगी होती. काचेवरचा डॉल्फिन होता. आणि ते दोन हात होते, शाबूत, मनगटापासून बोटांपर्यंत, कडेला त्या डॉक्टरांकडे निघाल्या त्या दुपारची तारीख आणि वेळ कोरलेली. त्यांच्याकडे पुरावा होता. पहिल्या दिवसापासून होता. कुणाच्याही समोर ठेवला असता तरी पुरे होतं.

"हे तुम्ही दाखवलं का नाही कुणाला?" मी विचारलं.

"मी कशाला दाखवू? मी फोडला होता?"

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. चाक, माधवी, ती रिकामी खुर्ची. त्या कणीक मळत राहिल्या. मी संपवल्यावर म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय? मला माहीत आहे. त्या पोरीला सांगा. ती मला मावशी म्हणायची." त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "साखरपुड्याला बोलावलं नाही तिनं."

"सांगतो," मी म्हणालो.

परत आल्यावर मी सांगितलं नाही. आधी दिवाळी होती, मग ऋचाला बाळ झालं होतं, मग माझा गुडघा. प्रत्येक कारण खरं होतं. वसंतात सुलभाताईंच्या मुलाचा फोन आला, आई गेली म्हणून. डब्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "काका, त्यात किडे झाले होते. घर साफ करताना टाकले."

मग मी ऋचाकडे गेलो. ती तुटका खडा अजून घालते, अंगठीत नाही, गळ्यात, साध्या साखळीत. एकच हात, काहीच न धरलेला. मी सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, मी त्यांना एक फोन नाही केला. मला वाटायचं, त्यांनी मला सांगायला हवं होतं, सॉरी म्हणायला हवं होतं. आय वॉज सो अँग्री. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावून होते." मग बाळाला उचलून आत गेली आणि बाहेर आली नाही. थोड्या वेळानं मी दार ओढून घेतलं.

त्या दुपारी सुलभाताई निघाल्या तेव्हा ते दोन हात शाबूत होते हे सांगणारा आता मीच उरलो आहे. म्हणून सांगतो: तो खडा मी फोडला. सुलभा पोतदारांच्या हातून एकही दगड कधी फुटला नाही, आणि त्यांना शेवटपर्यंत नीट दिसत होतं.

ईडन प्रेरीहून मी निघालो, तेव्हाचं सांगायचं राहिलं. त्या दारापर्यंत पोचवायला आल्या. बाहेर त्या साली लवकर पडलेलं बर्फ साचलं होतं, मुलानं तेवढी वाट फावड्यानं मोकळी केली होती. इथल्या सवयीनं मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"कणकेचे आहेत," म्हणाल्या.

मी मान हलवली आणि गाडीत बसलो. गाडी वळेपर्यंत त्या उघड्या दारात उभ्या होत्या, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, पीठ साडीला लागू नये म्हणून.